अंश, कला आणि नेम



1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याआधीच्या पात्रता फेरीत त्याला 600 पैकी 590 गुण होते. साठ गोळ्या झाडल्या आणि सगळ्या मिळून फक्त दहा गुण गेले! एक गुण जायला नेम कितीसा चुकावा लागतो, हे पाहण्यासारखे आहे.

कंपासपेटीतल्या कोनमापकावर सर्वांत लहान भाग एक अंशाचा असतो. नेमबाजाला तो फारच मोठा. एका अंशाची चूक झाली तर 50 मीटरवर गोळी 87 सेंटिमीटर बाजूला जाईल. म्हणून अंशाचे 60 भाग करतात. इंग्रजीत त्या भागाला मिनिट म्हणतात, आपल्या पंचांगात कला. (कलेचा साठावा भाग विकला. घरात पंचांग पाहणारे आजोबा असतील तर त्यांना विचारा.)

एक कला म्हणजे 10 मीटरवर 2.9 मिलिमीटर, 50 मीटरवर 14.5 आणि 100 मीटरवर 29. कोन तोच, पण अंतराच्या पटीत चूक वाढते. म्हणूनच रायफलीची अचूकता मिलिमीटरपेक्षा कोनात सांगणे सोयीचे. रायफलीवरच्या पुष्कळ दुर्बिणींची चकती टक्‌ आवाज करत एक घर फिरली, की नेम पाव कला सरकतो.

ऑलिंपिकच्या रायफलीवर मात्र अशी दुर्बीण चालत नाही. डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून नळीच्या टोकावरचे कडे पाहायचे आणि त्या कड्यात लांबचे काळे वर्तुळ मधोमध बसवायचे.

आता हिशेब करू. 50 मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढे. गोळी 5.6 मिलिमीटर जाडीची, आणि तिची कड वर्तुळाला टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरच्या आत हवा. कोनात हे अर्ध्या कलेहून थोडे जास्त भरते. छिद्र आणि कडे यांत 80 सेंटिमीटर अंतर धरा आणि समरूप त्रिकोण मांडा: कडे 0.13 मिलिमीटर सरकले की गोळी 8 मिलिमीटर सरकते. म्हणजे एखाद्या जाड केसाएवढा फरक! श्वास रोखून झाडतात ते उगाच नाही. वाऱ्याचा हिशेब तर आपण धरलेलाच नाही.

ज्यांच्या घरी हिऱ्याचे काम चालते, त्यांना पैलूच्या कोनाची अशीच काटेकोरी ठाऊक असेल.

आता तुमच्यासाठी एक गणित. 10 मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटरचा आणि छर्रा 4.5 मिलिमीटरचा. कोनाच्या हिशेबाने कोणता दहा जास्त अवघड, 10 मीटरवरचा की 50 मीटरवरचा? आकृती काढून सोडवा. पालकांनीही हात लावायला हरकत नाही. उत्तर वाटते त्याच्या उलट येते.