हिरवा दिवा आणि डावे वळण

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक मुलीकडे अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात, चार महिने राहून आले. तिथला एक साधा प्रसंग त्यांनी आम्हाला सांगितला. मुलगी गाडी चालवत होती, हे शेजारी बसले होते. चौकात डावीकडे वळायचे होते. समोर हिरवा दिवा लागला, तरी गाडी चौकाच्या मध्यापर्यंत जाऊन थांबली. "अगं, हिरवा लागलाय, नीघ की!" हे म्हणाले. "बाबा, हिरवा आहे, पण तो वळणाऱ्यांचा नाही. समोरच्या गाड्या संपू देत." थोड्या वेळाने दिवा पिवळा झाला, समोरच्या गाड्या थांबल्या आणि तेव्हा कुठे ती वळली. हिरव्यावर थांबायचे आणि पिवळ्यावर निघायचे, हे कसले शास्त्र, असा प्रश्न गुरुजींनी आम्हाला केला.

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्यावर तिथल्या वाहतूक अभियंत्यांनी कित्येक वर्षे घालवली आहेत आणि त्यात माणसांच्या जिवाचा संबंध आहे.

आधी दिशांचा घोळ मिटवू. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून आपले डावे वळण सोपे. कोपऱ्याला धरून वळले की झाले. उजवीकडे वळताना मात्र समोरून येणाऱ्यांची वाट ओलांडावी लागते. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे तिथे अडचणीचे वळण म्हणजे डावे. चौकाचा नकाशा कागदावर काढून आरशासमोर धरा, की त्यांचे डावे वळण ते आपले उजवे वळण होते. या लेखात पुढे 'डावे' म्हटले की ते तिकडचे समजावे.

हे वळण किती अडचणीचे? अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, चौकांशी संबंधित अपघातांपैकी सुमारे २२ टक्के अपघातांच्या वेळी एखादे वाहन डावीकडे वळत होते. उजवीकडे वळतानाचे अपघात त्यापुढे नगण्यच. घरोघरी पार्सले पोचवणारी यूपीएस ही कंपनी तर आपल्या गाड्यांचे मार्ग आखताना डावी वळणे शक्य तितकी टाळते. तीन उजवी वळणे घेतली की एक डावे वळण साधते, हे शाळेतल्या मुलालाही कागदावर दाखवता येईल.

मग डावीकडे वळणाऱ्यांना स्वतंत्र वेळ का देत नाहीत? आपल्याकडच्या पुष्कळ मोठ्या चौकांत एकेका बाजूच्या रस्त्याला आळीपाळीने हिरवा दिवा मिळतो. त्या वेळी बाकीच्या तिन्ही बाजू थांबलेल्या असतात, म्हणून सरळ जा की वळा, समोरून कोणी येत नाही. पण याची किंमत वेळेत मोजावी लागते. प्रत्येक बाजूला ३० सेकंद दिले, तर १२० सेकंदांच्या फेरीत ९० सेकंद आपण नुसते उभे. समोरासमोरच्या दोन बाजू एकदम सोडल्या तर थांबणे निम्म्या वेळेवर येते. म्हणून अमेरिकेत दोन्ही बाजू एकदम सोडण्याकडे कल असतो. अशा वेळी वळणाऱ्याने समोरच्यांना आधी जाऊ द्यायचे आणि फट मिळाली की वळायचे, असा नियम आहे. वर्दळ जास्त असेल तिथे या गोल हिरव्या दिव्याच्या आधी किंवा नंतर काही सेकंद हिरवा बाण दाखवतात. बाण असेपर्यंत समोरची वाहतूक थांबवलेली असते. बाण गेला आणि नुसता गोल हिरवा उरला, की पुन्हा 'समोरचे बघून वळा'.

गोम इथेच आहे. एकच गोल हिरवा दिवा सरळ जाणाऱ्याला म्हणतो, 'जा, वाट तुझी आहे', आणि डावीकडे वळणाऱ्याला म्हणतो, 'वाट तुझी नाही, पण जमले तर जा'. लहानपणापासून हिरवा म्हणजे जा असे घोकलेल्या माणसाने हा फरक ध्यानात ठेवायचा, तोही गाडी चालवता चालवता! अनेक चौकांत यासाठी पाच दिव्यांची पेटी टांगलेली असते. वर एक लाल, खाली दोन रांगा. एका रांगेत पिवळा व हिरवा बाण, दुसऱ्या रांगेत पिवळा व हिरवा गोल. आकार कुत्र्याच्या लाकडी घरासारखा दिसतो म्हणून तिला 'डॉगहाउस' असेच म्हणतात. शेजारी बहुधा पाटी असते, की हिरव्या गोलावर डावीकडे वळताना समोरच्यांना जाऊ द्या. आमच्या मते, दिव्याचा अर्थ सांगायला शेजारी पाटी लावावी लागली तेव्हाच दिवा कमी पडला.

वळण्यापुरती फट आहे की नाही हे ओळखणेही डोळ्यांना अवघडच. अमेरिकी अभियंते वापरतात त्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलमध्ये अशा वळणासाठी साधारण साडेचार सेकंदांची फट धरतात. समोरची मोटार ताशी ६५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १८ मीटरने येत असेल, तर साडेचार सेकंदांत ती ८१ मीटर अंतर कापते. म्हणजे ८० मीटरवरच्या गाडीचा वेग आपल्याला ओळखता यायला हवा. पण ती सरळ आपल्या रोखाने येत असल्याने बाजूला सरकताना दिसत नाही. फक्त किंचित मोठी होताना दिसते. किती मोठी? १.८ मीटर रुंदीची मोटार ८० मीटरवर डोळ्याशी सुमारे १.३ अंशाचा कोन करते. हा कोन त्या क्षणी सेकंदाला जेमतेम ०.३ अंशाने वाढतो. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो हे लक्षात घेतले, तर सेकंदाला अर्ध्या चंद्राहून थोडी जास्त, एवढीच ही वाढ. अंतर निम्मे, म्हणजे ४० मीटर झाले की वाढीचा वेग चौपट होतो, कारण तो अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. गाडी 'एकदम अंगावर आली' असे वाटते ते यामुळे. मोटारसायकलची रुंदी मोटारीच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे तिचा वेग ओळखणे आणखी कठीण.

डोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही म्हटल्यावर चालक दुसरा आधार शोधतो: आपल्या दिव्यावरून समोरच्याच्या दिव्याचा तर्क करतो. आपला पिवळा झाला, म्हणजे समोरच्याचाही पिवळा झाला असणार. तो थांबेल, आपण निघू. गुरुजींच्या मुलीने हेच केले आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरते. पण प्रत्येक चौकात ते खरे नसते. खरे नसते तेव्हा काय होते, ते सावकाश पाहू.

एक रस्ता दक्षिणोत्तर आहे. सीमा दक्षिणेकडून आली आहे, तिला डावीकडे म्हणजे पश्चिमेला वळायचे आहे. चौकात पुढे जाऊन ती फटीची वाट पाहते आहे. उत्तरेकडून येणाऱ्यांपैकीही पुष्कळांना त्यांच्या डावीकडे, म्हणजे पूर्वेला, वळायचे आहे. त्यांची रांग मोठी, म्हणून अभियंत्याने ठरवले, की फेरीच्या शेवटी त्यांना हिरवा बाण द्यावा. बाण द्यायचा तर सीमाच्या बाजूची वाहतूक थांबली पाहिजे. म्हणून सीमाचा दिवा आधी पिवळा होतो, मग लाल. उत्तरेकडून सरळ येणाऱ्यांना थांबवण्याचे मात्र काही कारण नाही. त्यांचा गोल हिरवा तसाच चालू राहतो. सीमाला हे दिसत नाही. समोरच्याचा दिवा तिच्याकडे पाठ करून आहे. तिला दिसतो फक्त स्वतःचा पिवळा. तीन ते सहा सेकंदांत लाल होणार, आपण चौकाच्या मध्यात अडकू, या घाईत ती वळते, आणि उत्तरेकडून हिरव्या दिव्याच्या भरवशावर एक गाडी पूर्ण वेगाने येत असते.

याला तिकडे 'पिवळा सापळा' अशा अर्थाचे नाव आहे. विशेष हे, की दोन्ही चालकांना दाखवलेला दिवा नियमाप्रमाणे बरोबर होता. एकही दिवा बिघडलेला नव्हता. सीमाने समोरच्याला जाऊ द्यायला हवे होते, म्हणून कायद्याने दोष तिचाच. पण तिला चुकवले ते तिच्या रोजच्या अनुभवाने.

उपाय काय? सीमाचा वळणाचा दिवा तिच्या शेजारच्या सरळ जाणाऱ्यांच्या दिव्याशी न जोडता समोरून येणाऱ्यांच्या हिरव्याशी जोडावा. समोरच्यांचा हिरवा आहे तोवर तिला 'बघून वळा' असेच दिसत राहील आणि तिचा पिवळा समोरच्यांच्या पिवळ्याबरोबरच लागेल. तर्काने हे अगदी सरळ आहे. अडचण वेगळीच: सीमाला गोल हिरवा दाखवला आणि शेजारच्या लेनचा दिवा लाल असला, तर शेजारचा चालक तिचा हिरवा पाहून पुढे घुसेल. टेक्सास राज्यातल्या डॅलस शहराने यावर तोड काढली. वळणाच्या हिरव्या दिव्याला आडव्या-तिरप्या पट्ट्यांची झापडे लावली, म्हणजे तो फक्त वळणाच्या लेनमधूनच दिसावा. घोड्याला लावतात तशी. इथे ती दिव्याला लावली इतकेच.

इतर राज्यांनी आपापल्या परीने वेगळे दिवे लावून पाहिले. मिशिगनमध्ये लुकलुकणारा गोल लाल, सिएटल शहरात लुकलुकणारा गोल पिवळा, डेलावेअरमध्ये लुकलुकणारा लाल बाण. परराज्यातून आलेल्या चालकाची काय अवस्था होत असेल! अखेर राष्ट्रीय पातळीवर अभ्यास झाला. गाडी चालवल्याचा आभास देणाऱ्या यंत्रांपुढे चालकांना बसवून वेगवेगळे दिवे दाखवले गेले. यात नुसती चूक आणि जीवघेणी चूक असा भेद केला होता, तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. वाट आपली असताना थांबणे ही चूक. वाट आपली नसताना आपली समजणे ही जीवघेणी चूक. २००३ साली अहवाल आला. त्यात लुकलुकणाऱ्या पिवळ्या बाणाची शिफारस होती. गोल हिरव्याला 'वाट माझी' समजणारे जितके होते, त्यामानाने या बाणाला तसे समजणारे कमी निघाले. २००६ मध्ये संघीय महामार्ग प्रशासनाने त्याला तात्पुरती मान्यता दिली आणि २००९ च्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत तो आला. बाण असल्याने सरळ जाणारा त्याला आपला समजत नाही, त्यामुळे झापडांची गरज उरली नाही आणि सापळाही टळतो.

म्हणून सगळे आलबेल झाले असे नाही. डॉगहाउसच्या जागी हा बाण आला तिथे बहुतेक ठिकाणी फायदाच दिसला. पण आधी जिथे फक्त हिरव्या बाणावरच वळायची मुभा होती, तिथे वेळ वाचवण्यासाठी तो लावला, तेव्हा वळणाचे अपघात वाढल्याचे आढळले. ते साहजिकच आहे. पूर्वी चालकाला फट शोधावीच लागत नव्हती. शिवाय समोरच्या गाड्यांकडे डोळे लावून बसलेल्या चालकाचे, ज्या रस्त्यात वळायचे तिथे रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याकडे लक्ष राहत नाही. न्यूयॉर्क शहराने २०१६ साली डाव्या वळणांचा खास अभ्यास केला तो या पादचारी आणि सायकलस्वारांसाठीच. तिथे काही चौकांत मधल्या रेषेवर रबरी खांब व उंचवटे बसवले आहेत, म्हणजे वळण तिरपे न कापता हळू घ्यावे लागते.

पिवळा सापळा वर्गाबाहेर करून दाखवता येतो. मैदानावर चुन्याने चौक आखा. समोरासमोर दोन 'चालक' उभे करा. प्रत्येकासमोर रंगीत कार्डे धरणारा एक विद्यार्थी असा उभा करा, की चालकाला फक्त स्वतःचे कार्ड दिसावे. आधी दोन्ही कार्डे तीन-चार वेळा एकदम बदला. मग एकदाच, न सांगता, एकाचे पिवळे करा आणि दुसऱ्याचे हिरवेच ठेवा. पिवळे पाहणाऱ्याला विचारा, समोरच्याला आता कोणते कार्ड दिसते आहे? उत्तर आणि त्याने दिलेले कारण, दोन्ही फळ्यावर लिहा.

वरच्या वर्गातल्या मुलांना गावातल्या एखाद्या चौकात अर्धा तास निरीक्षणही करता येईल. तिथे दोन समोरासमोरच्या बाजू एकदम सुटतात की एकेक? उजवीकडे वळणाऱ्या किती गाड्या हिरव्यावर वळल्या, किती पिवळ्यावर, किती लाल लागल्यावर? दिव्याशेजारी सेकंद मोजणारे आकडे असतील तर ते शून्याकडे येऊ लागल्यावर वळणारे काय करतात, तेही टिपून ठेवावे. नोंदी घेताना मुलांनी पदपथावरच उभे राहावे आणि एका शिक्षकाने सोबत असावे.