उल्हासनगर-बदलापुरातून परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय? कोर्सची फी भरण्याआधी हे वाचा

"१२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स करा आणि परदेशात इंग्रजी शिक्षक व्हा. पदवी कुठलीही चालेल!" अशी रील तुमच्याही फोनवर कधीतरी आली असेल. त्यात समुद्रकिनारी लॅपटॉप घेऊन बसलेली एक तरुणी असते आणि बहुतेक वेळा ती अमेरिकन किंवा ब्रिटिश असते. गोम नेमकी इथेच आहे. तिच्यासाठी जे दार उघडं आहे, ते बदलापूरच्या मुलीसाठी उघडं असेलच असं नाही. इंग्रजी दोघींचं सारखंच चांगलं असलं तरीही.

उल्हासनगरच्या चांदीबाई किंवा तलरेजा कॉलेजमधून इंग्रजी घेऊन बीए झालेल्या मुलांपुढे साधारण तेच रस्ते असतात. जवळपासची इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा, एखादा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास, नाहीतर कल्याण-ठाण्याची रोजची लोकल. खासगी शाळेतला पगार बहुतेकांना माहीत आहे. त्यामुळे परदेशाचा विचार येतोच. त्यातही उल्हासनगर म्हणजे १९४९ साली फाळणीच्या निर्वासितांसाठी वसलेलं गाव. इथल्या कितीतरी सिंधी कुटुंबांचे नातेवाईक व्यापारानिमित्त दुबई-हाँगकाँगला असतात. परदेश इथे कुणाला नवखा नाही. फक्त शिक्षकाचा रस्ता व्यापाऱ्यापेक्षा वेगळा आहे.

आधी पासपोर्ट, मग इंग्रजी

दक्षिण कोरिया हे अशा रील्समधलं सगळ्यात लाडकं नाव. तिथे खासगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचा ई-२ व्हिसा ७ देशांच्या नागरिकांनाच मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत या यादीत नाही. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया व्यापार करारात भारतीयांसाठी एक छोटी खिडकी ठेवली आहे. पण ती सरकारी शाळेतल्या सहायक इंग्रजी शिक्षकासाठी आहे आणि त्यासाठी पदवीबरोबर शिक्षक म्हणून पात्रता लागते. म्हणजे नुसत्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर तिथे काम होत नाही.

जपानची अट आणखी गमतीशीर आहे. तिथल्या शाळेत परकी भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात आणि नंतर इंग्रजीतून शिकलेल्या मुलीची १२ वर्षं भरतच नाहीत, मग ती एमए इंग्रजीत पहिली आलेली का असेना! इंग्रजी माध्यमातून बारावी आणि पदवी केलेल्यांना मात्र इथे संधी आहे, फक्त शाळेपासूनचे दाखले जपून ठेवलेले हवेत.

थायलंड आणि व्हिएतनाममध्ये भारतीय शिक्षक काम करतात. तिथे पदवी, टेफलसारखं प्रमाणपत्र आणि बऱ्याचदा इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर मागतात. थायलंडच्या शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना, नाहीतर तात्पुरती सूट लागते. मात्र अनेक जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर' असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि तेच काम करणाऱ्या इतरांना कमी पगार दिला जातो. हा भेदभावच आहे, पण अर्ज करताना तो गृहीत धरावा लागतो.

युरोपात जायचं असेल तर एक कमी माहितीचा रस्ता फ्रान्सचा. फ्रेंच येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना तिथल्या शाळांत ऑक्टोबर ते एप्रिल असे ७ महिने इंग्रजीचा सहायक म्हणून काम करता येतं. पगार बेताचाच, पण अनुभव खराखुरा.

खरा रस्ता बीएडवरून जातो

भारतीय पासपोर्टवर सगळ्यात जास्त नोकऱ्या कुठे आहेत? आखातातल्या भारतीय शाळांमध्ये. सीबीएसईशी संलग्न शाळा पंचवीसहून अधिक देशांत आहेत आणि त्यातल्या बहुतांश यूएई, सौदी अरेबिया, ओमान, कतार, कुवेत, बहारीन या पट्ट्यात. रियाध आणि जेद्दाच्या इंटरनॅशनल इंडियन स्कूल भारतीय दूतावासाच्या छत्राखाली चालतात. मस्कतची इंडियन स्कूल १९७५ पासून आहे. या शाळांत 'नेटिव्ह स्पीकर' हा प्रश्नच येत नाही, कारण पोरं, पालक आणि पुस्तकं सगळं आपल्याकडचंच. मालदीवमध्येही भारतीय शिक्षक कित्येक वर्षांपासून शिकवत आहेत.

या शाळा साधारणपणे इंग्रजी विषयातली पदवी, बीएड आणि दोनेक वर्षांचा अनुभव मागतात. बीएड आता २ वर्षांचं आहे आणि महाराष्ट्रात त्याचा प्रवेश सीईटीतून होतो. दोन वर्षं ऐकायला जास्त वाटतात. पण ज्या मुलीने आधी टेफलवर पैसे घातले, वर्षभर थायलंडच्या ईमेलची वाट पाहिली आणि मग बीएडला प्रवेश घेतला, तिची ३ वर्षं गेली. अंबरनाथच्या एखाद्या शाळेत कमी पगारावर काढलेली दोन वर्षंही इथे कामाला येतात, फक्त अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, तारखांसकट घ्यायला विसरू नका.

मग टेफल वाया जातं का? तसं नाही. बीएड शाळेतल्या मुलांसाठी आहे, मोठ्या माणसांना भाषा शिकवायची तर वेगळी तयारी लागते. त्यात केंब्रिजच्या सेल्टाला जगभर मान आहे, कारण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवून दाखवावं लागतं. फी मात्र लाखाच्या वर जाते. शंभर-दीडशे तासांच्या स्वस्त ऑनलाइन कोर्समध्ये हे प्रत्यक्ष शिकवणंच नसतं.

कागद जुळवताना जीव जातो

नोकरी मिळाली की खरी धावपळ सुरू होते. यूएईसाठी पदवी आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी यूएईच्या दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यावी लागते. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, म्हणजे करारातल्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का पुरतो. ओमान आणि बहारीन त्यात आहेत, यूएई नाही. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही लागतं. ते पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवरून मागवता येतं, फी ५०० रुपये.

सगळ्यात जास्त अडतात त्या लग्न झालेल्या शिक्षिका. पदवीवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव, बीएडच्या मार्कशीटवर तिसरंच काहीतरी. आपल्याकडे हे कुणाला खटकत नाही, पण परदेशी अधिकाऱ्याला त्या तीन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी, या दोन गोष्टी आधीच हाताशी असल्या तर कितीतरी हेलपाटे वाचतात.

तिकडे गेल्यावर पुढे काय?

पगाराबद्दल भ्रमात राहू नका. दुबईत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा बऱ्याच कमी पगार देतात. वैयक्तिक आयकर नाही हे खरं, पण घरभाडं पगाराचा मोठा लचका तोडतं. म्हणून ऑफर लेटरमध्ये मूळ पगार किती, राहायची सोय कुणाची, वर्षातून एकदा विमानाचं तिकीट आहे का, हे बघा. मूळ पगार महत्त्वाचा, कारण यूएईच्या कायद्यात नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी त्यावरच मोजतात : पहिली ५ वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा पगार.

तिथे दोन-तीन वर्षं टिकलं की वाटा फुटतात. विभागप्रमुख, परीक्षा समन्वयक, केंब्रिज किंवा आयबी अभ्यासक्रमाच्या शाळेत उडी. मोठ्यांना शिकवण्याचा ३ वर्षांचा अनुभव आणि टेफल किंवा सेल्टासारखी पात्रता असेल, तर आयईएलटीएसचा परीक्षक होण्यासाठीही अर्ज करता येतो.

नवऱ्याच्या नोकरीमुळे दुबईला गेलेल्या कितीतरी मराठी बायका घरी शिकवण्या घेतात. पूर्वी हे चोरून चालायचं, कारण परवान्याशिवाय शिकवणी तिथे गुन्हा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये यूएईने खासगी शिकवणीचा परवाना सुरू केला. तो मोफत आहे, २ वर्षांसाठी मिळतो आणि शाळेत नोकरी नसलेल्यांनाही त्यासाठी अर्ज करता येतो. ज्यांना लगेच बीएड जमणार नाही, त्यांच्यासाठी तिथली ही सरळ सुरुवात ठरू शकते.

एजंट भेटला तर

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते. ई-मायग्रेटच्या वेबसाइटवर त्याचा नोंदणी क्रमांक तपासता येतो. कायद्याने तो सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, तेही पावती देऊन. "आधी टुरिस्ट व्हिसावर चला, वर्क परमिट तिकडे करू" असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. २०२२ साली थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली नेलेली भारतीय मुलं म्यानमारच्या सीमेवर सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबली गेली होती आणि परराष्ट्र मंत्रालयाला तसा इशारा काढावा लागला होता.

आखातातल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे भरती हिवाळ्यात असते. साक्षांकनाला काही आठवडे लागतात. पुढच्या एप्रिलला जायचा विचार असेल, तर पदवीचं मूळ प्रमाणपत्र विद्यापीठातून आणण्याचं काम दिवाळीच्या आधीच उरका.