सोनगीरचा तांब्या आणि कलिंगडाची रोपे

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघालात की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. टेकडीवर जुना किल्ला, पायथ्याशी गाव. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे गाव साऱ्या खानदेशात प्रसिद्ध आहे. तिथला एक तांब्या हाती घेऊन आज आपण शेतीतले एक कोडे सोडवू या.

कोडे असे. उन्हाळ्याच्या तोंडाशी कलिंगड बाजारात यायचे असेल तर त्याची रोपे ऐन थंडीत तयार करावी लागतात. पण या बियाला रुजायला २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब हवी. १५ अंशांखाली ते जवळजवळ रुजतच नाही. खानदेशची थंडी मोठी लहरी. दुपारी सदरा नकोसा वाटावा असे २८ अंशांचे ऊन, तर पहाटे १० अंश, कधी त्याहूनही कमी. म्हणून शेतकरी खाचांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये नारळाच्या काथ्याचा भुसा भरतो, त्यात बी टोकतो आणि वर कामट्यांच्या कमानी रोवून प्लास्टिकचा कागद पांघरतो. झाला रोपांचा तंबू! थंड देशांत हौशी लोक असेच तंबू घरातल्या खोलीत उभारतात आणि सूर्याऐवजी दिवे लावतात. तंबू इथला असो की तिथला, अडचण एकच.

समजा, तुमच्याच घरी असा तंबू आहे. बी छान रुजले, दोन-दोन पाने वर आली. आणि एके दिवशी सकाळी पाहता तर ओळीच्या ओळी आडव्या! रोपाचा मातीलगतचा भाग उकडल्यासारखा मऊ झालेला. संकरित बियाणे महाग, आणि नव्याने बी टोकायचे तर हंगाम मागे पडणार. घरातले म्हणतात, "थंडीने गेली." तुम्ही मात्र घाई करू नका. प्लास्टिकच्या आतल्या बाजूने बोट फिरवून पाहा. बोट चिंब भिजेल. गुन्हेगाराचा माग इथूनच लागतो.

हवेत पाण्याची वाफ असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. किती वाफ मावेल हे तापमानावर ठरते. एक घनमीटर हवेत १० अंशांना जास्तीत जास्त ९.४ ग्रॅम, २० अंशांना १७.३ ग्रॅम, २५ अंशांना २३ ग्रॅम आणि ३० अंशांना ३०.४ ग्रॅम वाफ राहू शकते. पाहा, १० वरून ३० अंशांवर गेलो तर वाफ तिपटीहून अधिक! प्रत्यक्षात असलेली वाफ ही या कमाल वाफेच्या शेकडा किती, तो आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता.

आता तंबूचा हिशेब मांडू. दुपारी आत २८ अंश तापमान आणि शेकडा ८० आर्द्रता आहे. म्हणजे घनमीटरमागे सुमारे २२ ग्रॅम वाफ. रात्री हीच हवा १० अंशांवर उतरली. आता मावणार ९.४ ग्रॅम. उरलेले बारा-साडेबारा ग्रॅम जाणार कुठे? प्लास्टिकवर, पानांवर, देठांवर पाणी होऊन बसणार. शिवाय ओला भुसा रात्रभर नवी वाफ पुरवीतच असतो. त्यात साध्या पॉलिथिनचा एक दुर्गुण असा, की जमिनीतून बाहेर पडणारी उष्णतेची प्रारणे त्यातून बरीचशी निसटून जातात. कागद पांघरला म्हणजे रात्रभर ऊब राहिली, अशा भ्रमात राहू नये.

या ओलाव्यावर पिथियमसारख्या बुरशीसदृश सूक्ष्म जीवांचे फावते. त्यांचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत कोवळ्या रोपापर्यंत पोहोचतात. या रोगाला रोपे कोलमडणे म्हणतात. थंडीने रोपांची वाढ मंदावते, म्हणजे थंडी गुन्ह्यात सामील आहे हे खरे. पण घाव घालतो तो ओलावा.

आता तांब्या आणा. त्यात अर्ध्यापर्यंत साधे पाणी घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक त्यात बुडवा. बर्फाचे लहान लहान खडे एकेक करून टाका आणि काडीने हलके ढवळत राहा. तांब्याच्या बाहेरच्या चकाकीवर अचानक धुके उमटेल. त्या क्षणीचे तापमान टिपा. हा झाला हवेचा दवबिंदू. तंबूत तापमान २५ अंश असताना धुके २० अंशांना उमटले, तर १७.३ भागिले २३, म्हणजे आर्द्रता सुमारे शेकडा ७५. रेन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात चांदीच्या टोपणात ईथर घालून हेच केले होते. आपला तांब्या काही कमी नाही! तांबे हे स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीसपट चांगले उष्णतावाहक आहे, म्हणून आतले आणि बाहेरचे तापमान जवळजवळ सारखे राहते. मातीचे मडके मात्र इथे कामाचे नाही. ते मुळातच पाझरते. बाजारात मिळणारा आकडे दाखवणारा आर्द्रतामापक घरी असेल तर तोही या तांब्याने तपासून घ्या. कधी कधी गंमत होते.

दवबिंदू कळला की उपाय आपोआप सुचतात. पाणी सकाळी द्यावे, सांजवेळी नव्हे. संध्याकाळचे पाणी म्हणजे रात्रीचे दव. ऊन वर आले की कागदाची एक बाजू उचलावी. "बाहेरची सकाळची हवा तर ओलसर असते!" असे तुम्ही म्हणाल. असू द्या. १० अंशांची पूर्ण संपृक्त हवासुद्धा आत येऊन २५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता शेकडा ४० वर येते. सर्वांत महत्त्वाची वेळ दुपारी चारची. खानदेशातली हिवाळ्यातली दुपारची हवा कोरडी असते. कागद उघडून आतली दमट हवा घालवायची, ही कोरडी हवा भरून घ्यायची आणि उन्हे कलण्याआधी तंबू बंद करायचा. बाहेरचा दवबिंदू १० अंश असेल, तर भरून घेतलेल्या त्या हवेतून १० अंशांपर्यंत एक थेंबही पडणार नाही. भुशातून निघालेल्या वाफेचे थोडे दव पडेल. त्यासाठी कागद ताणून उतरता बांधावा, म्हणजे थेंब रोपांवर न टपकता कडेने ओघळतील.

ऊब यावी म्हणून तंबूत घासलेटचा स्टोव्ह मात्र कधीही ठेवू नका. एक लिटर घासलेट जळताना सुमारे एक लिटर पाणीच तयार होते! शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा विषारी धोका आहे तो वेगळाच.

मग आर्द्रता सरसकट वाईट का? मुळीच नाही. बी रुजेपर्यंत दमटपणा हवाच. जळगावला ऊतिसंवर्धनाने केळीची रोपे तयार होतात, त्यांची गोष्ट तर अगदी उलटी आहे. बाटलीतल्या जवळजवळ संपृक्त हवेत वाढलेल्या या रोपांच्या पानांवर मेणाचा थर नीट नसतो आणि त्यांची पर्णरंध्रे वेळेवर मिटत नाहीत. एकदम कोरड्या हवेत आणली तर ती तासाभरात माना टाकतील. म्हणून त्यांना आधी दमट हरितगृहात ठेवून आर्द्रता कित्येक दिवसांत हळूहळू उतरवतात.

प्रयोग करायचा झाला तर दुपारी चार वाजता एकदा तंबूत आणि एकदा बाहेर करा, दोन्ही दवबिंदू वहीत शेजारीशेजारी लिहा आणि पहाटेचे किमान तापमान त्यांच्यापुढे मांडा. धुके बघताना तांब्यावर तुमचा श्वास पडू देऊ नका. आणि आदल्या दिवशी तो चिंचेने घासून लखलखीत करायला विसरू नका. काळवंडलेल्या तांब्यावर धुके उमटलेले कळतच नाही.