पोटातले पातळ रेशीम

चंद्रिकेवर अळ्या सोडताना एखादी पक्व अळी हातातून निसटते आणि पायाखाली येते. मग जमिनीवर बाभळीच्या डिंकासारखा दाट, चिकट द्रव पसरतो. बोटाने ओढला तर त्याची तार निघते. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या सीमाभागात तूर-उसाच्या जोडीला ज्यांनी तुती लावली आहे, त्यांनी हे पाहिले असेल. तो द्रव म्हणजेच रेशीम, अजून न कातलेले.

मग हे रेशीम अळीच्या पोटात दिवसच्या दिवस पातळ का राहते, आणि बाहेर पडताच पोलादाशी तुलना व्हावी इतके चिवट कसे होते? सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळी काही मठवासी रेशीम अळीची अंडी कॉन्स्टँटिनोपलला घेऊन आले. अळी पाळावी कशी हे त्यांना ठाऊक होते. तिच्या पोटात काय घडते हे कळायला मात्र पुढे चौदाशे वर्षे लागली. आम्ही हा विषय घेतला तो केवळ नवल म्हणून नव्हे. उन्हाळ्याच्या पिकात कोष दिसायला चांगला असूनही त्याचा धागा नीट उलगडत नाही आणि बाजारात भाव पडतो, त्याचे एक कारण या द्रवातच आहे.

अळीच्या शरीरात दोन लांब, वळ्यावळ्यांच्या रेशीम ग्रंथी असतात. ग्रंथीच्या मागच्या भागात 'फायब्रोइन' हे प्रथिन तयार होते. मधला भाग हा त्याचा साठा. तेथे त्यावर 'सेरिसिन' या डिंकासारख्या प्रथिनाचा लेप चढतो. पुढे अगदी बारीक नळी आहे. दोन्ही बाजूंच्या नळ्या खालच्या ओठाजवळच्या एकाच छिद्रात मिळतात, म्हणून प्रत्येक धाग्यात मुळात दोन तंतू असतात.

फायब्रोइनचा मुख्य रेणू म्हणजे ५,२६३ कड्यांची एक लांबच लांब साखळी. कड्या म्हणजे अमिनो आम्ले. त्यांत ग्लायसीन आणि अॅलानीन ही दोनच मिळून सुमारे तीन चतुर्थांश भरतात, आणि सेरीन धरले तर बाकी फार थोडे उरते. ग्लायसीन-अॅलानीन-ग्लायसीन-अॅलानीन-ग्लायसीन-सेरीन हे एकच पद जपमाळेच्या मण्यांसारखे पुन:पुन्हा येते. अशा सहा मोठ्या साखळ्या, प्रत्येकीला जोडलेली एकेक लहान साखळी, आणि या सर्वांमागे आणखी एक प्रथिन, असा एक गठ्ठा बनतो. लहान साखळी सदोष असलेल्या काही जातींच्या अळ्या फायब्रोइन जवळजवळ बाहेर टाकूच शकत नाहीत.

आता खरी गंमत. ही मोठी साखळी ताणून सरळ केली तर ती शेजारणीला बिलगते आणि दोघी घट्ट बसतात. तसे पोटात झाले तर अळीची नळीच तुंबेल. म्हणून कातण्याआधी साखळी सरळ नसते. दर काही कड्यांनंतर ती वळण घेते, आणि भोवती पाणी खेळते राहते. या अवस्थेला शास्त्रज्ञ 'रेशीम एक' म्हणतात. जपानमधील संशोधकांनी २००१ मध्ये ही वळणावळणाची रचना मांडली. तयार धाग्यातील 'रेशीम दोन' ही सरळ पट्ट्यांची रचना मात्र पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्येच मांडली होती. साठ्यातील द्रवात सुमारे चौथा हिस्सा प्रथिन असते. प्रयोगशाळेत इतके दाट द्रावण करून ठेवले तर ते लवकरच थिजते. अळी ते दिवसेंदिवस सांभाळते.

हे जमते कसे? माती परीक्षणाच्या कागदावर 'सामू' लिहिलेला असतो. आपल्या काळ्या जमिनीचा बहुधा आठच्या आसपास असतो. ग्रंथीच्या मागच्या भागातही तो तसाच, ८.२ च्या जवळ. पुढे सरकताना तो उतरत जातो आणि बारीक नळीच्या तोंडाशी ६.२ होतो. २०१५ मध्ये दिसून आले की, हे काम कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचे विकर करते. तेच विकर आपल्या तांबड्या रक्तपेशींतही असते. सामू उतरला की साखळ्यांची टोके एकमेकींना धरतात. दुधात लिंबू पिळावे तसे. फरक इतकाच की येथे गुठळी होत नाही, कारण त्याच वेळी ओढ सुरू होते.

अळी रेशीम पिचकारीसारखे दाबून सोडत नाही. ती टोक चिकटवते आणि डोके मागे नेते, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत. त्या ओढीने वळणे सुटतात, साखळ्या सरळ होऊन शेजारी शेजारी बसतात, पाणी बाहेर पडते. नंतर ते कितीही उकळा, फायब्रोइन पाण्यात विरघळत नाही.

स्पेनच्या मुर्सिया भागात पूर्वी याचाच धंदा होता. पक्व अळ्या शिरक्यात भिजवायच्या, ग्रंथी काढायच्या आणि हातांनी ताणायच्या. आंबटपणा शिरक्याचा, ओढ माणसाची. त्या तारेने मासे धरत आणि शस्त्रक्रियेत टाकेही घालत. आजही रेशमी धाग्याचे टाके वापरतात, पण सेरिसिन काढून, कारण त्याने जखमेभोवती दाह होतो.

आता शेडकडे येऊ. फायब्रोइन ओढीने घट्ट होते, पण वरचे सेरिसिन हवेने वाळते. कातण्याआधी अळी बरेच पाणी टाकते, त्यामुळे चंद्रिकेजवळची हवा आधीच दमट असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीवर जातो, आणि थंडाव्यासाठी आपण आत ओली पोती टांगतो. पाला खाणाऱ्या अळीला ते मानवते, कोष बांधणारीला नाही. सेरिसिन वाळायला वेळ लागला की थर एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि कोष उलगडताना धागा वारंवार तुटतो. एका कोषातला एक ते दीड किलोमीटरचा धागा मग तुकड्यांचा होतो.

म्हणून अळ्या चंद्रिकेवर गेल्या की पोती बाहेर काढा. पाणी छतावरच्या पाचटावर मारा, आत नको. तापमान २४-२५ अंश आणि आर्द्रता ६०-६५ टक्के साधता आली तर उत्तम. उन्हाळ्यात अंश साधणे कठीणच, पण हवा खेळती ठेवणे आपल्या हाती आहे. झोताचा वारा आणि एका बाजूचा प्रखर उजेड टाळा, नाहीतर अळ्या एका कडेला गोळा होतात. दोन-तीन दिवस चंद्रिका हलवू नका. आणि पाहुण्यांना दाखवायला म्हणून कोष लवकर काढू नका: दुबार संकराचे कोष सातव्या-आठव्या दिवशी, आतील कोशित टणक झाल्यावरच काढावेत. मऊ कोशित फुटली की तिचा डाग शेजारच्या चांगल्या कोषांनाही लागतो.