काच व मृत्तिकावस्तूंमधील सोडिअम ऑक्साइडचे कार्य

प्रस्तावना
शुद्ध सिलिका वितळण्यासाठी सुमारे १७००° से. तापमान लागते. ते भट्टीत सातत्याने राखणे खर्चिक असल्याने काचनिर्मितीत वाळूबरोबर सोडा मिसळतात. रोमन काळातील कारागीर यासाठी ईजिप्तमधील नेट्रॉन हे खनिज वापरीत. आज सोडा अ‍ॅश वापरली जाते. भट्टीत तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व सोडिअम ऑक्साइड काचेत सामावले जाते.

रचनेवरील परिणाम
सिलिकेच्या जाळ्यात प्रत्येक ऑक्सिजन अणू दोन सिलिकॉन अणूंमधील सेतू असतो. सोडिअम ऑक्साइडच्या प्रत्येक घटकामुळे असा एक सेतू तुटतो आणि सोडिअमचे दोन आयन त्या जागी स्थिरावतात. जाळे शिथिल झाल्याने काच कमी तापमानाला वितळते व तिला आकार देणे सुलभ होते.

मर्यादा
तथापि, हेच शैथिल्य काचेचा दोषही ठरते. पाण्याच्या संपर्कात सोडिअम आयन बाहेर पडतात, त्यांची जागा हायड्रोजन आयन घेतात व पाणी अल्कधर्मी होते. केवळ वाळू व सोडा यांपासून बनलेली काच तर पाण्यात विरघळते. म्हणून चुना मिसळणे अपरिहार्य ठरते. खिडकीच्या काचेत साधारणतः ७२ टक्के सिलिका, १४ टक्के सोडिअम ऑक्साइड व १० टक्क्यांच्या आसपास कॅल्शिअम ऑक्साइड असते. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काचेत सोडिअम ऑक्साइड सुमारे ४ टक्केच असते. तिचे औष्णिक प्रसरण साध्या काचेच्या जेमतेम एकतृतीयांश असल्याने ती तापवल्यास सहसा तडकत नाही. इंजेक्शनच्या कुप्यांसाठीही हीच जातकुळी पसंत केली जाते, कारण काचेतून सुटणारे अल्क औषधाचे गुणधर्म बदलू शकते.

मृत्तिकावस्तू
मृत्तिका उद्योगात हे ऑक्साइड मुख्यतः सोडा फेल्स्पारमधून येते. शुद्ध स्वरूपात त्यात त्याचे प्रमाण सुमारे १२ टक्के असते. भाजताना फेल्स्पार वितळून कणांमधील पोकळ्या भरतो, त्यामुळे वस्तू घट्ट व कमी सच्छिद्र बनते. प्रमाण वाढल्यास मात्र वस्तू भट्टीतच वाकते. झिलईत ते अधिक झाल्यास थंड होताना झिलई वस्तूपेक्षा जास्त आकुंचन पावते व तिच्यावर केसासारख्या भेगा पडतात.

समारोप
सारांश, सोडिअम ऑक्साइडचे गुण व दोष सिलिकेच्या जाळ्यातील एकाच बदलातून उद्भवतात. त्यामुळे त्याचे योग्य प्रमाण भट्टीच्या सोयीवरून नव्हे, तर वस्तूच्या अंतिम उपयोगावरून ठरविणे आवश्यक आहे.