निजलेल्या माणसासाठी बांधलेली इमारत

खोलीत दोनच खाटा. मध्यरात्री एकजण तोंड धुवायला उठला, तर पाण्याच्या आवाजाने दुसऱ्याची झोप मोडायला नको. म्हणून बेसिनला असा उतार दिलेला, की नळाची धार चिनीमातीवर तिरकी पडून गुपचूप ओघळून जावी.

हे बेसिन होते नैऋत्य फिनलंडमध्ये, पाइमिओ गावाजवळच्या पाइनच्या जंगलात, १९३३ साली सुरू झालेल्या क्षयरोग सॅनेटोरियममध्ये. वास्तुकार आल्व्हार आल्टो. १९२९ च्या स्पर्धेत त्यांचा आराखडा निवडला गेला, तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच शोधला होता, पण त्याला मारणारे औषध हाती नव्हते. उपचार म्हणजे विश्रांती, सकस आहार, ऊन आणि मोकळी हवा. आपल्याकडेही क्षय निघाला की पाचगणी, मिरज ही नावे घरात दबक्या आवाजात घेतली जात.

औषध नाही म्हटल्यावर इमारतीलाच औषध व्हावे लागले. रुग्ण महिनोन्‌महिने उताणा पडून असणार, त्याच्या डोळ्यांसमोर छतच. म्हणून आल्टो यांनी छताला डोळ्यांना निववणारा गडद रंग दिला आणि दिवा नजरेच्या रेषेबाहेर ठेवला. प्रत्येक मजल्याला लांब सज्जे काढले. कडाक्याच्या थंडीतही रुग्ण तिथे जाड पांघरुणात पडून राहत. दाराच्या मुठी अशा वळवल्या, की धावपळीत डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकू नये. इतक्या बारकाईने आजाऱ्याचा विचार करणारी दुसरी इमारत मला ठाऊक नाही.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, मागोमाग आणखी औषधे आली. तरीही रुग्णाला सॅनेटोरियममध्येच ठेवायला हवे का? याचे उत्तर मद्रासने दिले. १९५६ मध्ये तिथे सुरू झालेल्या चाचणीत १९३ रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये आणि बाकीच्यांना घरीच वर्षभर तीच औषधे दिली. घरे दाटीवाटीची, जेवण बेताचे. तरीही १९५९ मध्ये निष्कर्ष आले, ते असे: घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले. घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही, हे पुढे दिसले. ज्यांना घरदार सोडून वर्षभर दूर राहणे परवडतच नव्हते, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी सुटका!

साठच्या दशकात पाइमिओचे क्षयरुग्ण ओसरले आणि तिथे सर्वसाधारण रुग्णालय आले. याच सॅनेटोरियमसाठी आल्टो यांनी वाकवलेल्या प्लायवुडची एक खुर्ची घडवली होती. ती अजून बनते. बसणाऱ्याला श्वास सहज घेता यावा म्हणून तिच्या पाठीला दिलेला कलही तोच आहे.