डॉक्टर कोटणीस : वृत्तांत आणि बोलपट

युद्धावरील बोलपट म्हटला म्हणजे तोफा, विमानें आणि सेनापति हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु 'राजकमल कलामंदिरा'नें १९४६ सालीं काढलेल्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या बोलपटाचा नायक शस्त्र न घेतां रणभूमीवर गेला होता, आणि त्याची कथा पडद्यापर्यंत आणली ती एका वृत्तपत्रकारानें.

मूळ हकीकत थोडक्यांत अशी. जपाननें चीनवर आक्रमण केल्यावर सप्टेंबर १९३८ मध्यें राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक तिकडे धाडलें. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि वयाचीं अठ्ठावीस वर्षेंही पुरीं न झालेले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे चौघे स्वदेशीं परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजीं तिकडेच अपस्मारानें निवर्तले. 'बॉम्बे क्रॉनिकल'मधील पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांनीं, परत आलेल्या डॉ. बसूंकडून माहिती घेऊन, हा वृत्तांत इंग्रजी पुस्तकांत लिहिला. त्यावरून त्यांनीं आणि वि. प. साठे यांनीं पटकथा रचली; शांतारामबापूंनीं बोलपट दिग्दर्शित केला आणि कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली.

आतां वृत्तांत कोठें संपतो आणि नाट्य कोठें सुरू होतें, हें पाहण्यासारखें आहे. बोलपटांत प्लेगच्या सांथीवरील इलाजाचा शोध मोठा केला आहे. प्रत्यक्षांत कोटणीसांनीं असा शोध लावला नव्हता. १९४१ सालीं ते बेथून यांच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. रुग्णालय म्हणजे आपल्या समजुतीची इमारत नव्हे! जखमी शिपाई खेडुतांच्या घराघरांतून ठेवलेले असत. शत्रु जवळ आला कीं गांवकरीच त्यांना डोंगरांत हलवीत. घर जळेल, जीव जाईल, हें ठाऊक असून तीं माणसें दार उघडीत. औषधांची चणचण, शिकाऊ विद्यार्थी, अपुरीं हत्यारें, आणि त्यांतच शस्त्रक्रिया. माझ्या मतें प्लेगच्या कल्पित विजयाहून हें अधिक थोर होतें. पण रोजचें काम पडद्यावर रंगत नाहीं, ही बोलपटवाल्यांची जुनी अडचण आहे. अब्बासांसारखा वार्ताहरही तिच्यापुढें नमला, याची मात्र खंत वाटते.

तरीही शेवटचा प्रसंग पाहून रागावणें कठीण जातें. मरणोन्मुख कोटणीस, आपण नसतांना पत्नी सोलापूरच्या घरीं कशी पोंचेल, तें तिला सांगतात, आणि तेंच आपल्याला पडद्यावर दिसतें. जयश्रीबाईंनीं ही पत्नी रंगविली आहे. खऱ्या पत्नी क्वो छिंगलान त्या वेळीं चीनमध्येंच होत्या. त्यांच्या मुलाच्या 'यिनहुआ' या नांवांत भारत आणि चीन या दोन्ही देशांचीं नांवें गुंफलेलीं आहेत. पुढें त्या भारतांत आल्या, कोटणीसांच्या आप्तांना भेटल्याही; पण तोंपर्यंत बोलपट प्रदर्शित होऊन कित्येक वर्षें लोटलीं होतीं.